सुपातून घेतलेली लेक

सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या बोळात सकाळी नऊच्या आत गेलात तर एका घरातून थप् थप् थप् असा आवाज येईल. तिथं थांबू नका. ती चंद्रव्वा आहे, आणि कामाच्या वेळेला दारात कुणी उभं राहिलेलं तिला खपत नाही. त्रेसष्ट वर्षांची बाई, पण दिवसाला दीडशे कडक भाकरी अजून एकहाती थापते. ज्वारीचं पीठ, गरम पाणी, मीठ आणि हात. भाकरी पापडाइतकी पातळ, शेकून झाली की चुलीशेजारी उभी करून वाळवायची, म्हणजे महिना महिना टिकते. शेंगाचटणीच्या दुकानवाल्यांनी मध्यंतरी मशीनच्या भाकरी आणून पाहिल्या आणि गपगुमान परत हिच्याच दारात आले. "का आलाव?" असं तिनं त्यांना विचारलं म्हणे. गिऱ्हाइकाला असं विचारणारी बाई तुम्ही पाहिलीय का कुठं?

नवरा शिवपुत्र मार्केट यार्डात तोलार होता. फार शांत माणूस. बायको एवढी बोलायची की त्याला बोलायची गरजच पडली नसेल. तीन वर्षांमागं तो गेला. लग्नाला एकोणीस वर्षं होईपर्यंत त्यांच्या घरात पाळणा हलला नव्हता. त्या एकोणीस वर्षांत चंद्रव्वानं काय काय ऐकून घेतलं ते तिलाच ठाऊक. बारशाला तिला बोलवायचे, पण पाळण्याच्या दोरीला हात लावायची वेळ आली की कुणीतरी गोड बोलून तिला स्वयंपाकघरात धाडायचं. जिभेला धार तेव्हापासूनची आहे, असं बोळातल्या जुन्या बायका सांगतात.

आणि मग एके दिवशी ती बहिणीच्या गावाहून आली ती सुपात पोर घेऊन. अकरा दिवसांची मुलगी, खाली कोंडा, वर जुन्या लुगड्याचं फडकं. बोळातल्या बायका बघायला धावल्या तर चंद्रव्वानं दार लावून घेतलं. दृष्ट लागंल म्हणाली. ती पोर म्हणजे सिद्धेश्वरी, घरातली सिद्धू. आज बावीस वर्षांची आहे, नर्सिंगचं शिकून इथल्याच एका दवाखान्यात लागली आहे.

सिद्धूला जन्म सोनाबाईनं दिला, चंद्रव्वाच्या धाकट्या बहिणीनं, हे साऱ्या बोळाला माहीत होतं आणि सिद्धूलाही होतं. त्याचा कुणी बाऊ केला नाही. सिद्धू चंद्रव्वाला अव्वा म्हणायची, सोनाबाईला मावशी म्हणायची, आणि जगाचं चाललं होतं.

घोडं अडलं ते पासपोर्टापाशी. सिद्धूनं दीड वर्ष जर्मन भाषा घोकली होती. तिथल्या दवाखान्यातून नोकरीचा कागद आला, चार महिन्यांत हजर व्हा म्हणून. पासपोर्ट काढायला गेली तर कागदांचं कागदांशी जमेना. दहावीच्या दाखल्यावर आई चंद्रव्वा, बाप शिवपुत्र. कारण शाळेत घालताना गुरुजींनी बापाचं नाव विचारलं आणि शिवपुत्रनं सरळ आपलं सांगितलं होतं. गावातल्या जन्माच्या नोंदीवर मात्र आई सोनाबाई, बाप महेश्वर. एका पोरीला दोन आया आणि दोन बाप! ऑफिसातल्या माणसानं रीतसर विचारलं, यातलं खरं कुठलं, आणि चंद्रव्वा हे तुमच्या कोण? जे असेल त्याचा कागद आणा.

फॉर्म भरून दिला होता टिळक चौकातल्या नेटकॅफेवाल्या अजिंक्यनं. त्यानं आपल्या अकलेनं चंद्रव्वापुढं 'अडॉप्टेड मदर' असं ठोकून दिलं होतं. सिद्धू घरी येऊन हसत सुटली. म्हणाली, अव्वा, याचा अर्थ तुलाच लहानपणी कुणीतरी दत्तक घेतलंय. चंद्रव्वाला हसू आलं नाही. माझ्या नावापुढं त्या पोरानं काय लिवलंय ते मला नीट समजून सांग, म्हणाली, आणि पिठाचे हात तसेच ठेवून बसली.

मग सिद्धूनं फोन काढून एकेक शब्द तिला समजावला. या इंग्रजी शब्दांचा मोठा घोळ असतो आणि शिकलेली माणसंसुद्धा त्यात गटांगळ्या खातात. अडॉप्टेड म्हणजे जिला दत्तक घेतलं ती, म्हणजे मी. अडॉप्टिव्ह म्हणजे जिनं दत्तक घेतलं ती, पोर कायमची आपली केलेली. स्टेप म्हणजे सावत्र, ते आपल्यात नाहीच. गार्डियन म्हणजे पालक. पोर अठरा वर्षांची झाली की त्याचं काम संपलं. यावर चंद्रव्वानं विचारलं की मग एकोणिसाव्या वर्षी भाकरी कोण घालतं तिला? आणि फॉस्टर म्हणजे दुसऱ्याची पोर आपल्या घरी सांभाळणारी. सांभाळायचं, जीव लावायचा, पण पोर तिची होत नाही. ज्यांची आहे त्यांच्याकडं ती कधीतरी परत जायची असते.

"म्हंजी म्हस अर्धलीनं राखत्यात तसं की," चंद्रव्वा म्हणाली. दुसऱ्याची म्हैस आपल्या गोठ्यात वाढवायची तसं.

सिद्धू म्हणाली, तसंच म्हण.

"मग ते न्हाय. ते अडॉप्टिव घाल. ती मी." एवढं बोलून बाई पुन्हा भाकरी थापायला लागली. त्या दिवसापासून तिनं तो शब्द पाठ केला. दुकानवाला आला तरी त्याला सांगायची, मी अडॉप्टिव हाय, अडॉप्टेड न्हाय, समजलं का? त्याला काय समजणार, डोंबल! पण एवढी वर्षं ती जे होती त्याला एक नाव आहे, आणि ते साहेबाच्या भाषेत आहे, याचं तिला फार कौतुक वाटलं. वांझ म्हणून जिला स्वयंपाकघरात धाडलं तिच्या नावापुढं सरकारी कागदावर आई असं छापून येणार होतं. तिला दुसरं काही नको होतं.

कोर्टाजवळ चंद्रिका वकीलबाईंचं ऑफिस आहे. मायलेकी तिथं गेल्या. वकीलबाई तरुण, पण कामाला पक्क्या. त्यांनी सांगितलं, रजिस्टर केलेला दत्तकपत्राचा कागद नाही म्हणून सगळं बुडालं असं नाही. जिनं जन्म दिला तिनं आपल्या खुशीनं, आपल्या हातानं पोर दिली, आणि घेणारीनं आपल्या हातानं घेतली, कायमची, हे महत्त्वाचं. पोर लहान असताना हे झालेलं पाहिजे, आत्ता बाविसाव्या वर्षी करतो म्हणून चालणार नाही. तेव्हा झालं असेल तर देणारी बाई इथं येऊन तसं सांगू दे, सही करू दे, मी कबुलीचा कागद करते. कसं दिलं होतं ते सांगा, म्हणाल्या.

चंद्रव्वानं मग मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. सोनाबाईची पहिली दोन पोरं बारा दिवसांच्या आत गेली होती. तिसऱ्या वेळेला तिच्या सासूनं, तुळजव्वानं, ठरवलं की आता सटवीला फसवायचं. जगत नाही त्या घरातलं पोर विकून टाकायचं, म्हणजे सटवी आली तरी घरात तिला पोर सापडत नाही. विकायचं तेही शिवेपलीकडच्या, दुसऱ्या कुळातल्या बाईला. अकराव्या दिवशी उंबरा सारवला. सुपात कोंडा, कोंड्यावर पोर. आत सोनाबाई, बाहेर चंद्रव्वा. चंद्रव्वानं विचारायचं, काय विकता बाई? आतून सोनाबाईनं म्हणायचं, कोंडा. मग ओच्यातली पसाभर ज्वारी उंबऱ्यावर ओतायची, सूप उचलायचं आणि मागं वळून न बघता गावाची शीव ओलांडायची. देणारीनं रडायचं नाही.

वकीलबाईंचं पेन थांबलं होतं. त्यांनी विचारलं, कायमची दिली असं त्या म्हणाल्या होत्या का?

"त्यात बोलायचंच नसतंय, बाई. पण बावीस वर्षांत एकदा तरी परत मागितली का तिनं? हितंच सगळं आलं की."

वकीलबाई म्हणाल्या, ठीक आहे, बहिणीला गुरुवारी घेऊन या. चंद्रव्वानं मनात म्हटलं, सख्खी बहीण, ती काय नाही म्हणते? दुसऱ्याच दिवशी पंचवीस कडक भाकरी फडक्यात बांधून ती अक्कलकोटच्या गाडीत बसली.

सोनाबाईचं गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाला लागून. तिथं माणसं एका वाक्यात मराठी सुरू करतात आणि कन्नडात संपवतात. तुळजव्वा मरून दहा वर्षं झाली, महेश्वरही दोन वर्षांमागं गेला. सिद्धूनंतर झालेला मुलगा सोमेश जगला, तो चिंचोळीला कारखान्यात जातो. घरात सोनाबाई एकटीच होती. बहीण आलेली बघून तिला आनंद झाला. चहा टाकला, चुरमुरे पुढं ठेवले, सिद्धूची तब्येत विचारली. ती दर खेपेला सिद्धूची तब्येतच आधी विचारायची. बोलणं तिला बेताचंच. दोघी एका आईच्या पोटच्या, पण शब्द सगळे थोरलीच्या वाट्याला आले होते.

चंद्रव्वानं जर्मनी सांगितली, पासपोर्ट सांगितला, अडॉप्टिव शब्द सांगितला. वकिलाकडं येऊन फक्त एवढं म्हणायचं की मी पोर दिली, आणि अंगठा नाहीतर सही करायची. बसभाडं मी घालते, म्हणाली.

सोनाबाई चुलीकडं बघत होती. चहा उतू गेला तरी तिनं पातेलं उतरवलं नाही. चंद्रव्वानंच उठून उतरवलं आणि ध्यान कुठाय तुझं म्हणून तिच्यावर खेकसली.

मग सोनाबाई बोलली. हळू बोलली, पण थांबली नाही.

"मी कुटं दिली, अक्का? मी कोंडा विकला. पाच वर्षांनी तू तशीच सुपात घालून आणून मला परत विकणार हुतीस. अत्तीनं सांगितलं नव्हतं व्हय तुला? तुज्यासमोर सांगितलंवतं."

चंद्रव्वाच्या हातात पातेलं होतं. ते तिनं खाली ठेवलं की तसंच धरून राहिली हे तिला नंतर आठवेना. कारण अत्तीनं, म्हणजे सोनीच्या सासूनं, तुळजव्वानं सांगितलं होतं. उंबऱ्यात, सूप उचलायच्या आधी, स्पष्ट सांगितलं होतं. पाच वर्षं झाली, दात पडायला लागले की आणायची पोर. आणि चंद्रव्वानं हो म्हणून मान हलवली होती. वकीलबाईला सगळं सांगताना तिनं तेवढंच एक गाळलं होतं. मुद्दाम गाळलं का? तर तसंही नाही. सिद्धू पाच वर्षांची झाली तेव्हा ते तिला आठवत होतं. त्या महिन्यात तिनं गावाकडं जायचं टाळलं. सोनीला आता पोरगा झालाय, जगलाय, तिला हवी असेल तर मागेल, असं मनाशी म्हणाली. सोनीनं मागितली नाही. सातव्या वर्षी नाही, दहाव्या वर्षी नाही. मग ते वाक्य मनातून हळूहळू गेलं आणि पुढं तर ते कुणी बोललंच नव्हतं असं तिला खरोखर वाटायला लागलं. माणसाचं मन लई हरामी असतं, दुसरं काय म्हणणार?

"तू मागितली न्हाईस, सोने," ती कशीबशी म्हणाली. "एकदा तरी मागायची हुतीस."

"इकलेलं पोर आईनं मागायचं नसतंय. माजं म्हनायचं नसतंय. म्हटलं की सटवीला कळतंय. घेणारीनंच आणून द्यायचं असतंय." सोनाबाईनं पदर तोंडाला लावला आणि काढला. "दोन पुरलीवती मी, अक्का. तिसरीला तोंडानं मारू व्हय?"

चंद्रव्वा चुलीपाशी खाली बसली.

सोनाबाई सांगत राहिली. बावीस वर्षांचं बोलणं होतं, ते एकदम आलं. पाचवं वर्ष भरलं त्या दिवशी तिनं उंबरा सारवून ठेवला होता. सांजेपर्यंत उंबऱ्यात बसली. दुसऱ्या वर्षी परत सारवला. असा अकरा वर्षं सारवला. महेश्वर म्हणायचा, तूच जाऊन आण की, आजकाल कुणी असलं मानतं का? पण तिची छाती झाली नाही. दर साली गड्ड्याच्या जत्रेला ती सोलापूरला यायची, तीन दिवस राहायची. निघताना दारात घुटमळायची, पिशवी उचलायची, परत ठेवायची. अक्का आज म्हणेल, उद्या म्हणेल. पोर समोरून मावशी मावशी करत नाचायची. आणि अक्का म्हणायची, गाडी चुकंल की तुजी, नीघ आता.

चंद्रव्वाला ते सगळं लख्ख दिसलं. पिशवी उचलणारी, ठेवणारी सोनी. आपण तिला वेंधळी म्हणायचो. बोळातल्या बायकांना हसून सांगायचो की आमच्या सोनीचा पाय दारातनं लवकर निघत नाही. एकोणीस वर्षं लोकांनी आपल्याला पाळण्याला हात लावू दिला नाही म्हणून आपण जगावर जळफळत होतो, आणि पोर पाच वर्षांची झाल्यापासून सतरा वर्षं आपण सख्ख्या बहिणीला तेच केलं. तेही हसतमुखानं, जेवू घालून!

तिला माफी मागायची होती. शब्दांची राणी, पण उठून तिनं उतू गेलेला चहा तेवढा पुसून काढला. सोनाबाईनंच शेवटी विचारलं की सही कधी करायची आहे. गुरुवारी, असं चंद्रव्वा म्हणाली. मग येते, सोनाबाई म्हणाली, पोरीचं अडायला नको. आणि बहिणीला गाडीपर्यंत सोडायला आली.

सोलापूरला परत आल्यावर चंद्रव्वानं दोन दिवस भाकरी थापल्या नाहीत. बोळात ही मोठीच बातमी झाली. शिवपुत्र गेला तेव्हासुद्धा दुसऱ्या दिवशी तिनं तवा ठेवला होता. सिद्धूनं कपाळाला हात लावून पाहिला, बीपी मोजलं, काही सापडलं नाही. चंद्रव्वानं दोनदा सांगायला तोंड उघडलं. एकदा सिद्धू ड्यूटीला निघाली होती. एकदा ती जर्मन शब्द पुटपुटत केस विंचरत होती आणि चंद्रव्वाला वाटलं, सांगितलं की ही जाईल. बावीस वर्षांची घोडी, कुठं जाणार? पण भीती ती भीतीच. गुरुवारी सही होईल, कागद होईल, सोनीनं हो म्हटलंय. मग कशाला सांगायचं? असंही तिच्या मनात आलं, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी सोनाबाई पहिल्या गाडीनं आली. नवं इरकल नेसली होती. वकीलबाईंच्या ऑफिसात चौघी बसल्या. वकीलबाईंनी सोनाबाईला आधी पाणी दिलं, मग सावकाश, साध्या मराठीत विचारलं. तुम्ही तुमची मुलगी बहिणीला खुशीनं दिली होती? कायमची? कुणी जोर केला नव्हता?

सोनाबाई म्हणाली, "व्हय."

परत घ्यायची असं काही ठरलं नव्हतं?

"न्हाय."

वकीलबाई लिहायला लागल्या. सोनाबाई मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. डोळ्यांत टिपूस नाही. देणारीनं रडायचं नसतं ना. चंद्रव्वानं तिच्याकडं पाहिलं आणि तिला उंबऱ्याआडची पंचवीस वर्षांची सोनी दिसली, तशीच ताठ, ओठ आवळून कोंडा म्हणणारी. त्या वेळी आपण वळून पाहिलं नव्हतं. रीतच होती तशी. आज शेजारी बसून कुठं बघणार?

"थांबा, बाई," चंद्रव्वा म्हणाली. "ती खोटं सांगती. तिनं दिली नव्हती. पाच वर्षं संबाळायला दिलीवती, आन मी परत न्हेली न्हाय."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. तुळजव्वाचं वाक्य, हलवलेली मान, टाळलेला महिना, सारवलेला उंबरा, जत्रेतली पिशवी, काही ठेवलं नाही. सांगताना तिनं सिद्धूकडं एकदाही पाहिलं नाही. तिची हिंमत झाली नाही.

सिद्धूचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती सोनाबाईकडं वळली आणि तिनं एवढंच विचारलं, "मावशी, तू दर वर्षी मला न्यायला येत होतीस?"

हो म्हणायची सोय सोनाबाईला बावीस वर्षांत नव्हती, आता एकदम कुठून येणार? ती वकीलबाईंना म्हणाली, अक्काचं वय झालंय, ती काहीबाही बोलते, तुम्ही लिहा.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आता मी हे ऐकलंय. तेव्हा दिली नव्हती हे कळल्यावर तेव्हा दिली होती असं मला लिहिता येणार नाही. चंद्रव्वाबाई, कायद्यानं तुम्ही दत्तक आई नाही. तुम्ही सांभाळ केलात. मुलीची आई या सोनाबाई. जन्माची नोंद बरोबर आहे, त्या नावानं पासपोर्टाला अडचण यायची नाही. शाळेचे कागद बदलून घेऊ, थोडी धावपळ होईल, पण चार महिन्यांत बसेल.

बाहेर कुणीतरी झेरॉक्सवाल्याशी हुज्जत घालत होतं.

आणि तेव्हा सोनाबाई उठली. सिद्धूचा हात तिनं धरला, तो नेऊन चंद्रव्वाच्या हातात दिला, आणि स्वतःचा हात काढून घेतला. मग वकीलबाईंकडं वळून म्हणाली, "तवा न्हाय दिली, बाई. आज दिली. खुशीनं दिली. आजची तारीख घाला."

वकीलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आजच्या तारखेला नाही घालता येत, मावशी, असं त्या म्हणाल्या. हे त्यांना तीनदा सांगावं लागलं, कारण सोनाबाई ऐकायलाच तयार नव्हती.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही. सिद्धू आठ दिवस चंद्रव्वाशी बोलली नाही. ताट वाढलं की जेवायची आणि उठायची. नवव्या दिवशी रजा टाकून ती सोनाबाईच्या गावाला गेली ती पंधरा दिवस तिथंच राहिली. चंद्रव्वानं ते पंधरा दिवस कसे काढले ते विचारू नका. भाकरी थापल्या, पण जाड व्हायला लागल्या, आणि दुकानवाल्यांनी भीतीनं काही म्हटलं नाही. पोर परत येईल की तिकडूनच विमानाला जाईल, एवढा एकच प्रश्न तिला होता. तो कुणाला विचारायचा हक्क आपल्याला नाही, हेही तिला आता पुरतं कळलं होतं. सिद्धू परत आली. सोनाबाईनंच तिला गाडीत बसवून पाठवलं होतं. आल्यावर दारातच पिशवी टाकून अव्वा, भूक लागलीय म्हणाली, आणि चंद्रव्वा चुलीपुढं बसून हमसून हमसून रडली.

पासपोर्ट आला तेव्हा सिद्धू ड्यूटीवर होती. पोस्टमननं पाकीट दिलं आणि शेजारची शिवबाई वाचायला धावली. तिला इंग्रजी अक्षरं लागतात. तिनं शेवटचं पान उघडून बोट फिरवत वाचलं आणि थबकली. मदर, सोनाबाई. तिनं परत वाचलं. चंद्रव्वाचं नाव कुठंच नव्हतं.

"अगं बया, ह्यांनी तुजं नावच घातलं न्हाय की," शिवबाई म्हणाली. "चुकलंय हे. जाऊन भांड त्यांच्याशी."

भांडायला चंद्रव्वाला कुणी सांगावं लागतं का कधी? पण ती जागची हलली नाही. तिनं पासपोर्ट घेतला, पिठाचा हात पदराला पुसून त्या नावावरनं फिरवला.

"चुकलं न्हाय, शिवे," ती म्हणाली. "तिचीच हाय ती. मला संबाळायला दिलीवती. मी परत द्यायची इसर..." ती थांबली. तव्यावरची भाकरी करपत होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. "इसरले न्हाय. दिली न्हाय मी."